तिसरी लाइन

लातूर
२ एप्रिल २००१

प्रिय सिंधु,
जयभीम.

तू नांदेडला परत गेलीस आणि इकडं तुझी मशीन आजारी पडली. हसू नकोस. मी काही तुझ्यासारखा लिनक्स कोळून प्यायलेला माणूस नाही. विष्णुपुरीला आपण एका वर्गात होतो एवढंच, आणि तिथंही मी कुणाच्या जिवावर पास झालो ते सरांना ठाऊक होतं.

झालंय असं, की फोनच्या चार लाइनींपैकी तिसरी रोज दुपारी अडकते. मोडेमवर फोन उचलल्याचा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. पण आत कोणी येत नाही. स्क्रीनवर ना गावाचं नाव, ना पासवर्ड. बऱ्याच वेळानं दिवा जातो, जरा दम खातो, परत लागतो. दुपारभर हाच खेळ.

काल तहसीलचे एक साहेब बघायला आले होते. त्यांना मी समजावलं, की संस्थेनं गावागावांत जुने कॉम्प्युटर दिलेत, ते दुपारी वीज असते तेवढ्यात फोनवरून या मशीनला निरोप टाकतात. कुठली विहीर आटली, टँकर आला का, किती घरांना पुरला. संध्याकाळी आम्ही ते निरोप पुढं पाठवतो आणि सकाळी टँकर सुटतात. साहेब म्हणाले, "वा! आणि ही लाइन का अशी?" मी म्हणालो, "तिची तब्येत बरी न्हाई."

तीन लाइनींवर सगळ्यांची झुंबड उडते. बाकीच्यांना एंगेज. ज्याचा निरोप आला नाही त्याला टँकर नाही. परवा एका वाडीचं असंच राहिलं. तिथला माणूस एसटीनं इथवर आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. मी दिलेला तांब्या त्यानं तोंडाला लावला नाही, सोबतच्या बाटलीत ओतून घेतला.

केबल बदलली. मोडेम बंद-चालू केला. लाइनमननं लाइन तपासली, म्हणाला ठणठणीत आहे. आता तूच सांग.

तुझा,
गुंडप्पा

*

नांदेड
६ एप्रिल २००१

गुंडप्पा,
शरणार्थी.

तू माझा नमस्कार घालतोस, मी तुमच्या घरचा. पत्र हिंगोलीहून परतल्यावर मिळालं. नवा जिल्हा झाला, पण ऑफिसांत अजून खुर्च्या पोचल्या नाहीत. मी जमिनीवर मांडी घालून दोन सर्व्हर उभे केले. नांदेडात घाटावरून येताना गोदावरीकडं बघवेना. पात्रात माणसं खड्डे करून राहिली आहेत आणि खड्ड्याशेजारी रांग.

आता तुझं दुखणं. अंदाजानं औषध देऊ नकोस. आधी दोष कुठे आहे ते बघ. तिसऱ्या लाइनीचा मोडेम काढून पहिलीला लाव आणि पहिलीचा तिसरीला. दोष मोडेमबरोबर गेला तर मोडेम नासका. जागेवरच राहिला तर मशीनमध्ये किंवा लाइनीत काहीतरी आहे.

दुसरं. आवाजाचा त्रास होतो म्हणून तू सगळ्या मोडेमचे स्पीकर बंद करायला लावले होतेस. तिसऱ्याचा चालू कर. लाइनीवर काय चाललंय ते कान लावून ऐक. मोडेम दुरुस्त करणाऱ्याला डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात.

डिस्क लहान म्हणून आपण नोंदी लिहिणं थांबवलं होतं, ते आता नडलं. असो. ऐक आणि कळव.

सिंधु

*

लातूर
११ एप्रिल २००१

प्रिय सिंधु,
जयभीम.

तू सांगितलंस तसं केलं. मोडेमची अदलाबदल केली. दोष तिसऱ्या लाइनीवरच राहिला.

स्पीकरही लावून बघितला. खरखर आहे. क्रॉस कनेक्शन असावं. स्पीकर परत बंद केलाय.

मला एवढंच सांग, की बराच वेळ कोणी लॉगिन केलं नाही तर मशीननं आपण होऊन फोन तोडावा, यासाठी काय लिहायचं. हुकूम काय तो कळव, मी जसाच्या तसा टाइप करीन. जास्त खोलात जायची गरज दिसत नाही.

ऊन फार आहे. आईला विचारलं म्हणून सांग.

गुंडप्पा

*

नांदेड
१४ एप्रिल २००१

गुंडप्पा,

आज बाबासाहेबांची जयंती. खाली मिरवणुकीची तयारी चालू आहे, ढोल लागलेत, आणि मी तुला पत्र लिहीत बसले आहे. यावरून समज मी किती चिडले आहे ते.

तू चार पानं लिहिणारा माणूस. उदगीरला जाऊन आलास तरी वाटेतल्या प्रत्येक चहाची चव कळवतोस. आणि स्पीकर लावल्यावर दोन ओळी? "खरखर आहे"? तू काहीतरी ऐकलंस आणि ते मला सांगत नाहीस.

फोन तोडायचा हुकूम सोपा आहे, पण मी देणार नाही. ताप कशाचा ते न बघता गोळी दिल्यासारखं होईल ते.

परत स्पीकर लाव. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिही. आणि एक गोष्ट नीट बघ. ती वेळ सुरू होते तेव्हा आपला मोडेम तो नेहमीचा किंचाळल्यासारखा आवाज काढतो का? की गप्प असतो?

घाबरला असशील तर तसं लिही. मी कुणाला सांगणार नाही.

सिंधु

*

लातूर
१८ एप्रिल २००१

प्रिय सिंधु,
जयभीम.

घाबरलोय.

पहिल्यांदा स्पीकर लावला त्या दुपारी खोलीत मी एकटाच होतो. दिवा लागलेलाच होता. आधी वाऱ्यासारखं घूं-घूं आलं. मग भांडं फरशीवर ठेवल्याचा आवाज, आणि कोणीतरी धापा टाकतंय. चालत आलेल्या माणसासारखं. मग बाईचा आवाज. म्हातारी. लाइन इतकी खराब, की चार शब्द येतात आणि सहा बुडतात. मला कळले ते लिहितो.

"आलास का." मग काही नाही. मग, "सगळे गेले." मग बराच वेळ खरखर. मग अगदी जवळून, कानात बोलल्यागत, "मी हाय."

मी स्पीकर बंद केला. घाईत आधी दुसरंच बटन दाबलं गेलं.

तुझं पत्र आल्यावर परत लावला. आता रोज ऐकतो. आधी लांबून घंटी वाजल्यासारखं येतं, मग ती. ती बोलते, थांबते, पलीकडून कोणी काही बोललं असावं तेवढा वेळ थांबते, मग हसते किंवा हूं म्हणते. पलीकडं आपला मोडेम आहे, सिंधु. लोखंडाचा डबा. त्याच्याशी ती बोलते. एकदा "जेवलास?" असं विचारलं. एकदा कानडीत काही म्हणाली, त्यात "नीरु" एवढंच समजलं. नीरु म्हणजे पाणी. आमच्या घरात आजीच्या तोंडी होतं ते.

मी इकडून स्पीकरला तोंड लावून "कोन हाय? कुठून बोलता?" म्हणून ओरडलो. मग आठवलं, की त्याला कान नाहीत. माझा आवाज जाणार कुठून? शेजारचा फोन लाइनीला जोडायला गेलो, तेवढ्यात तुटलं. दुसऱ्या दिवशी आधीच जोडून रिसीव्हर उचलून ठेवला तर मोडेमनं लाइनच धरली नाही. फोन काढला, की पुन्हा सुरू.

खाली दुकानात बसणाऱ्या माझ्या काकाला सांगितलं. त्यानं दुकान सोडून वर येऊन ऐकलं. खाली जाऊन भस्म घेऊन आला, आणि मोडेमवर त्याची तीन बोटं ओढून गेला. पुसायचा धीर मला होत नाही.

तू विचारलंस ते बघितलं. नाही. मोडेम किंचाळत नाही. पूर्ण गप्प असतो. ऐकत असल्यासारखा.

गुंडप्पा

*

नांदेड
२१ एप्रिल २००१

गुंडप्पा,
शरणार्थी.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी उठून खोलीचा दिवा लावला, दिवसाढवळ्या. दुसऱ्यांदा वाचल्यावर डोकं चालायला लागलं.

शेवटच्या दोन ओळींत सगळं आहे. फोन आला आणि आपल्या मोडेमनं उचलला, की आधी आपलाच मोडेम ओरडतो. 'मी मशीन आहे, बोल' असं सांगतो. जो फोन लावतो तो मोडेम मात्र गप्प राहून वाट बघतो, पलीकडून ओरड यायची. तुझा मोडेम गप्प आहे. म्हणजे तो फोन तुझ्याकडे येत नाही, गुंडप्पा. तुझी मशीनच रोज दुपारी कुणाला तरी फोन लावून राहिली आहे.

आणि त्याचं कारणही मला माहीत आहे. गावांवर एसटीडीचं बिल पडू नये म्हणून आपण काही गावांना उलट फोनाची सोय दिली होती. गावची मशीन फोन करून नुसतं नाव सांगते आणि ठेवते. मग आपली मशीन त्या गावाला फोन लावते. ते काम तिसऱ्या लाइनीला दिलं होतं. पलीकडून मोडेम बोलला नाही, तर ती थांबते आणि परत लावते. लावतच राहते. गावाकडच्या लाइनी उशिरा जुळतात म्हणून थांबायची मुदतही आपण लांबवली होती. कुठल्यातरी गावाचं असं अर्धवट काम रांगेत अडकून पडलंय. दुपारीच का, तर वीज दुपारी असते म्हणून तसं आपणच ठरवलं.

तुझा शेजारचा फोन जोडल्यावर ती का थांबली तेही उघड आहे. लाइन मोकळी दिसली नाही, की ती डायल करत नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर पायऱ्या लिहिल्या आहेत. रूट म्हणून, म्हणजे मशीनचा मालक म्हणून आत जा, रांग बघ, कुठल्या गावाचं काम आहे ते दिसेल. ते मार, म्हणजे कायमचं बंद कर. फाइल काढून टाक आणि मशीन एकदा नव्यानं सुरू कर. तिसरी लाइन मोकळी होईल.

काकांना सांग, भस्म पुसायची गरज नाही. मोडेमला त्यानं काही होत नाही.

सिंधु

*

लातूर
२५ एप्रिल २००१

प्रिय सिंधु,
जयभीम.

तुझे पाय कुठं आहेत? चारही लाइनी मोकळ्या! काल दुपारी एकाही गावाला एंगेज लागला नाही. सगळे निरोप आले, सगळे टँकर सुटले. त्या बाटलीवाल्या माणसाच्या वाडीलाही गेला.

काम अडकलं होतं करंजेवाडीचं. देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव. तुला व्यंकट आठवत असेल, तिथला कॉम्प्युटर सांभाळायचा तो मास्तर. फेब्रुवारीत गावातली शेवटची बोअर गेली आणि सगळं गाव उठलं. अर्धे देवणीजवळच्या जनावरांच्या छावणीत, अर्धे बिदरकडं वीटभट्टीला. व्यंकटनं जायच्या आदल्या दिवशी "गाव रिकामं, टँकर बंद करा" असा निरोप टाकायला घेतला, मध्येच वीज गेली. तेच काम लटकलेलं. निरोप त्यानं नंतर हातानं आणून दिला, कॉम्प्युटरही आणून दिला. तो माझ्या खोलीत खोक्यात आहे. त्यावर मी चहाचा कप ठेवतो.

म्हणजे मशीन दोन महिने रिकाम्या गावाला फोन लावत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीतला फोन. तिथं वीज नसली तरी फोनला काय, त्याची वीज तारेतूनच येते.

बाईचा आवाज म्हणशील तर मी विचार सोडून दिलाय. एखादी गुराखीण सावलीला बसत असेल. पाण्यात दगड टाकल्यावर लहरी उठतात, तसं माझ्या डोक्यात झालं असेल. फोन बंद केला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काकानं पेढे आणलेत. एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय.

तुझा,
गुंडप्पा

*

नांदेड
२७ एप्रिल २००१

गुंडप्पा,

हे पत्र ज्या कंडक्टरनं पेढे आणले त्याच्याच हाती परत पाठवते आहे. त्याला उभं करून लिहिते आहे.

फोन कोणी उचलला?

मी मशीनचा दोष शोधला आणि खूश झाले. हा साधा प्रश्न मला सुचला नाही. फोन नुसता वाजत राहिला असता, तर तुला स्पीकरमधून शेवटपर्यंत घंटीच ऐकू आली असती. तू माणूस ऐकलास. म्हणजे रोज दुपारी कोणीतरी जाऊन तो उचलत होतं. गुराखीण रोज येत नाही. आणि गुरं तर छावणीत आहेत, तूच लिहिलंस. मग ती कोणाची गुरं राखते?

"सगळे गेले. मी हाय."

आधी त्या नंबरला फोन लाव. उचलला नाही तर थांबू नकोस. जीप घे. छावणीतून गावचा माणूस घे, पाणी घे, ग्लुकोज घे. टँकर बंद होऊन दोन महिने झालेत.

हे वाचून संपव आणि नीघ.

सिंधु

*

देवणी
३ मे २००१

प्रिय सिंधु,

फोन वाजून वाजून थांबला. कोणी उचलला नाही. तसाच निघालो.

छावणीत व्यंकट भेटला. त्याला विचारलं, गावात मागं कोणी राहिलं का? तो ठामपणे न्हाई म्हणाला. मग मी म्हातारी, कानडी बोलणारी, असं म्हटल्यावर शेजारी कडबा टाकत असलेल्या माणसाच्या हातातली पेंढी खाली पडली. त्याचं नाव शिवप्पा. म्हणाला, "नागम्मा. माझी माय. पर ती तर थोरल्याकडं हाय, बिदरला."

थोरला, नागप्पा, वीटभट्टीवर. व्यंकटनं भट्टीच्या मालकाला फोन केला. नागप्पाला बोलावून आणलं. तो पलीकडून म्हणाला, "माय तर शिवप्पासंगं छावणीत हाय न्हवं?"

दोन गाड्या गावातून निघाल्या, एक इकडं, एक तिकडं. दोघांनीही मनात धरलं, की माय दुसऱ्या गाडीत बसली.  जीपमध्ये पूर्ण वाटेत मी शिवप्पाकडं बघितलं नाही.

करंजेवाडीत पोचलो. दुपार होती. असं गाव मी बघितलं नव्हतं. दारांना कुलपं, आणि इतकं शांत, की जीप बंद केल्यावर इंजिन गार होतानाची टकटक ऐकू येत होती. चिमणीसुद्धा नाही. ग्रामपंचायतीची खोली उघडी. फोन होता. डायलला पितळी कुलूप, म्हणजे येणारा फोन घेता येतो, लावता येत नाही. रिसीव्हरवर धूळ नव्हती. खोलीत बाकी काही नाही, ना भांडं, ना अंथरूण. शिवप्पा माय, माय करून गल्लीगल्लीतून पळत सुटला. त्याचाच आवाज भिंतींवरून परत येत होता.

ती सापडली ओढ्यात. कोरड्या पात्रात एका दरडीखाली बोटभर झरा आहे. त्याच्या कडेला करंजाच्या सावलीत बसली होती. वाकळ अंथरलेली, हंडा, तांब्या, फडक्यात वाळलेल्या भाकरी आणि शेंगदाणे. हाडांचा सापळा, पण जिवंत. पावलं ऐकून म्हणाली, "कोन तम्मा?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

सिंधु, तिला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो एवढंच. तिनं सांगितलं ते ऐक. झरा गावाच्या बाहेर. जाताना उतार लागतो, म्हणून पायाला वाट कळते. परत येताना कळत नाही. पहिल्याच दिवशी हंडा घेऊन ती शेतात भरकटली. आणि फोन वाजला. त्या शांततेत तो पार ओढ्यापर्यंत ऐकू जातो. त्याच्या रोखानं चालत ती खोलीत पोचली. तेव्हापासून रोज दुपारी झऱ्यावर जायची आणि फोनच्या आवाजावर परत यायची. थांबला, तर उभी राहायची. परत वाजला, की पुढं. खोलीत पोचून उचलायची आणि बोलायची. आपली मशीन ऐकायची.

आणि ती मशीन मी बंद केली.

 पण तुला लिहायचं ते पुढंच आहे. मी विचारलं, "माय, मग फोन थांबल्यावर तुमी परत कशा गेलाव?" ती म्हणाली, "गेलेच न्हाई. तिनं सांगितलं होतं की."

"कोनी?"

"फोनवालीनं. रोज नुसती ऐकती. त्या दिशी बोलली. म्हनली, उद्यापासनं फोन न्हाई वाजनार. भाकरी, वाकळ घेऊन पान्याजवळ जाऊन बसा. मानसं येतील."

वाकळ, भाकरी, शेंगदाणे. सगळं सामान एका हेलपाट्यात घेऊन ती आधीच गेली होती. त्याच दुपारी, फोन ठेवल्या ठेवल्या. म्हणून वाचली. नाहीतर दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन शेतात फिरत राहिली असती, आणि आम्हाला कुठल्यातरी बांधाला सापडली असती.

मोडेम बोलत नाही, सिंधु. देवणीच्या एक्स्चेंजला जाऊन विचारलं, लाइन तपासायला कुणी बाई फोन करते का? तिथं बाई कामालाच नाही. मी ज्या दिवशी ते काम मारलं, त्या दुपारी मारायच्या आधी स्पीकर लावलेला होता. तिचा आवाज आला. "बरं, बरं," म्हणाली. त्याआधी पलीकडून काहीही ऐकू आलं नाही. मी शपथेवर सांगतो.

तो नंबर माझ्याकडं, व्यंकटकडं आणि तुझ्याकडं आहे. तू फोन केला होतास का?

गुंडप्पा

*

देवणी, जनावरांची छावणी
१० मे २००१

गुंडप्पा,
शरणार्थी.

नाही. मी फोन केला नव्हता. तुला ते चिठ्ठीवर लिहून दिलं तेव्हा अडकलेलं काम करंजेवाडीचं आहे हेही मला माहीत नव्हतं. नंबर माझ्याकडे होता म्हणतोस तो कुठल्यातरी जुन्या फ्लॉपीत असेल. आमच्या घरी फोन नाही, तुला ठाऊक आहे.

पण तुझं पत्र वाचून घरात बसवेना. लातूरला तुझ्याकडे न थांबता सरळ इथे आले, राग मानू नकोस. येताना मी मनाशी सगळं जुळवलं होतं. उपाशी माणसाला भास होतात. आंधळ्या माणसाला एकांतात जास्त. फोन थांबायच्या आधी तारेत काही खडखड झाली असेल, तिनं त्याचे शब्द केले असतील. वाकळ घेऊन ती झऱ्यावर आधीही राहत असेल. हे सगळं मी तुला पटवणार होते. एसटीत वाक्यंसुद्धा ठरवली होती.

छावणीत पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. लाल कंधारी आणि देवणी जनावरांच्या रांगा, धूळ, शेणाचा वास, बायका टँकरपाशी. शिवप्पाच्या खोपीत नागम्मा बाजेवर पडली होती. सून तिला पेज पाजत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी कोण, कुठली, काहीच सांगितलं नव्हतं. शिवप्पाला म्हटलं, "दादा, जरा पाणी द्या, मी बसनं येऊन राहिले नांदेडहून."

एवढंच.

ती वळली. सुनेचा हात बाजूला सारला. माझ्या दिशेनं तोंड करून हसली आणि म्हणाली, "आलीस व्हय."

सून म्हणाली, "माय, ह्या पाहुण्या हायत."

"पाहुनी कशाची? फोनवाली हाय ही." मग तिनं माझी नक्कल केली. "'आजी, मी फोन बंद करून राहिले.' असंच म्हनलीस का न्हाईस? आमच्याकडं असं कोन बोलतंय? मी तवाच म्हनलं, ही लांबची हाय."

गुंडप्पा, खोपीत चार-पाच माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की आजी, तुमची काहीतरी चूक होते आहे. तोंड उघडलं, आणि उघडल्यावर जाणवलं, की मी जे बोलेन ते ह्याच आवाजात बोलेन.  मला माझ्याच आवाजाची भीती वाटली.

ती हात पुढे करून चाचपत होती. मी दिला. हात इतका हलका, की आहे का नाही कळेना. मी म्हणाले, "हो आजी. मीच."

खोटं बोलले का, मला माहीत नाही. तूही मला विचारू नकोस. मशीनमध्ये जे होतं ते मी शोधलं, त्याचं कारण सांगू शकते. ह्याचं नाही. आणि सांगता आलं असतं तरी तिच्यासमोर सांगितलं नसतं. तिनं मला ओळखलं, एवढंच तिथं खरं होतं.

मग ती जवळ सरकली. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं हळू आवाजात तिनं विचारलं, "मग आता कुठं बसू? सांग. तू सांगशील तिथं बसते."

तिच्या एका बाजूला मुलगा उभा होता, एका बाजूला सून. बाहेर पाण्याचा टँकर होता. ती मला विचारत होती.

मी म्हणाले, "इथंच बसा, आजी. मीपण बसते."

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. हात सोडला नाही. नागप्पा उद्या बिदरहून येतो म्हणतात. तोवर मी इथेच आहे. तू तिसऱ्या लाइनीला काय करायचं ते करून ठेव. मी काही सांगत नाही.

सिंधु